टायर बदलल्यावर प्रेशरचा दिवा विझत नाही. चाकातले हवेचा दाब मोजणारे सेन्सर गाडीला घरीच शिकवता, म्हणजे ओळखायला लावता येतील का?

येतील, पण आधी गाडीत सेन्सर आहेत का ते बघा. काही गाड्या एबीएसवरूनच (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), चाकाच्या वेगावरून अंदाज बांधतात. तिथे सेन्सर जागं करायचं टूल लागतच नाही, मेनूतला रीसेट पुरतो.

सेन्सर असतील तर टायर थंड असताना हवा नीट भरा, मॅन्युअल बघून गाडी लर्न मोडवर (नवे सेन्सर ओळखायच्या स्थितीत) टाका. टूल व्हॉल्व्हजवळ टायरला टेकवून बटण दाबा. १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने सेन्सर जागा होतो. सुरुवात बहुधा पुढच्या डाव्या चाकापासून. एखादा उठलाच नाही, तर बहुधा त्याची बॅटरी गेली. ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते.

आमच्या मालवणात खाऱ्या हवेनं अ‍ॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह गंजतो. त्यात पितळी पिन तर अजिबात नको, निकेलचा मुलामा असलेलीच मागा.