रंगभूमीची ‘मुळे’ की ‘मूळ’?

प्रश्न असा आहे: ‘मराठी रंगभूमीची मुळे यक्षगानात आहेत’ हे वाक्य मराठी वळणाचं आहे, की इंग्रजी ‘रूट्स’चं भाषांतर? (यक्षगान म्हणजे कर्नाटकातलं नाचगाण्याचं पारंपरिक नाट्य.)

व्याकरणात काही चूक नाही, पण त्या अनेकवचनाला इंग्रजीचा वास येतो. आपल्याकडे अशा ठिकाणी ‘मूळ’ एकवचनी असतं. भांडणाचं मूळ, दुखण्याचं मूळ. (नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ तर विचारूच नये!) मुळं असतात ती झाडाला. त्यातून ‘मुळे’ म्हटलं की कानाला आधी कारण ऐकू येतं: पावसामुळे, तुझ्यामुळे. तो शब्दही ‘मूळ’मधूनच आलेला. मथळ्यात ‘रंगभूमीची मुळे’ वाचताना क्षणभर ठेच लागते ती यामुळेच.

पण नुसतं एकवचन करून भागत नाही. ‘रूट्स’ हा भलताच सोयीचा शब्द आहे. उगम, प्रेरणा, वरवरचं साम्य, सगळं त्यात खपून जातं. सांगलीचे नाटककार विष्णुदास भावे यांचंच बघा. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे यक्षगानाच्या धर्तीचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि मराठीत असं काही कर, असं भाव्यांना सांगितलं. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलं. भाव्यांच्या खेळात आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषक, गणपती, मोरावरून नाचत येणारी सरस्वती. पदं सूत्रधारानं म्हणायची, पात्रांनी भाषणं बरीचशी आयत्या वेळी रचायची. यावर यक्षगानाची छाप आहेच. पण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात मराठी नाटकं याच्या दीडएकशे वर्षं आधी लिहिली जात होती! मग ‘मूळ’ यक्षगानात कसं म्हणायचं?

इथे मराठीचे छोटे प्रत्यय जास्त नेमके ठरतात. भाव्यांना नाटक यक्षगानावरून सुचलं. राजाच्या इच्छेतून ते उभं राहिलं. त्यांच्यापासून नाटक मंडळ्यांची परंपरा सुरू झाली. ‘वरून’, ‘तून’, ‘पासून’ यांतलं एक निवडायला गेलं की नक्की काय म्हणायचंय ते लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. ‘मुळे आहेत’मध्ये ते न ठरवण्याची पळवाट राहते.

‘उगम पावली’ मात्र नको. ते भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्यांनाच शोभतं. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘भाव्यांच्या नाटकावर यक्षगानाची छाप’ एवढं बास.