उसाचा युरिया आणि विहिरीतलं नायट्रेट

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं: आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला एकरी बारा पोती युरिया आणि वर तीन पोती डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) जातं. विहिरीचं पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरला ७८ मिलिग्रॅम आलं. घरचे आता म्हणतायत, यंदापासून रासायनिक खत बंद. हे खतानंच झालं का, आणि बंद केलं तर पाणी सुधारेल का, एवढंच तुम्हाला हवंय.

मी सांगलीच्या वाळवा तालुक्यात तीसेक वर्षं ऊस करतो. मीही कधीकाळी एवढीच पोती ओतलीत, तेव्हा हे उपदेश म्हणून वाचू नका.

आधी हिशोब. आडसालीला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), १७० स्फुरद, १७० पालाश अशी आहे. म्हणजे एकरी १६० किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. तुमच्या बारा पोत्यांचं झालं २४८ किलो, त्यात डीएपीतलं २७. एकूण २७५. शिफारशीच्या वर ११५ किलो, म्हणजे साडेपाच पोती तुम्ही उसासाठी घेतलीच नाहीत. ती गेली कुठं, हाच तुमचा प्रश्न आहे.

थोडी हवेत गेली. फोकून युरिया टाकलेल्या ओल्या सरीत दोन-तीन दिवसांनी सकाळी उतरून बघा. ऊस कमरेच्या वर असेल आणि वारा पडलेला असेल तर नाकात झिणझिण्या येतात. तो अमोनिया. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तो जास्तच उडतो. पोत्यातलं नत्र आपण हुंगतोय, हे मला कळायला दहा वर्षं लागली. आम्ही त्याला ‘खताचा वास’ म्हणायचो आणि खूश व्हायचो.

उरलेल्याचं जमिनीतले जिवाणू नायट्रेट करतात. अमोनियम चिकणमातीला धरून राहतं, नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर जातं. पाटानं सरी तुडुंब भरली की मुळांच्या खाली उतरलं, आणि तिथून विहिरीकडं, ओढ्याकडं, नदीकडं. रान पाणी साचून गुदमरलं की काही जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड करतात. हवा तापवण्यात हा वायू किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. निमकोटेड, म्हणजे निंबोळी तेल लावलेल्या युरियानं हे सगळं थांबतं असा काहींचा समज आहे. निंबोळीनं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, एवढंच. पाणी अफाट असेल तर उशिरा का होईना, जायचं ते जातंच.

तरी ७८ चा आकडा बघून लगेच युरियावर खापर फोडू नका. अहवालात ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट नायट्रोजन’, ते आधी बघा. पहिल्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, दुसऱ्याची साधारण १०. मग विहिरीच्या भोवती एक फेरी मारा. गोठा, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा वरच्या अंगाला असेल तर नायट्रेट तिथूनही येतं. त्याच पाण्यात ई-कोलाय जिवाणू सापडले तर मलमूत्राचा संशय बळावतो. वस्तीपासून लांब, नुसत्या उसातल्या एखाद्या विहिरीचा नमुना सोबत द्या, आणि पावसाळ्याआधी व नंतर असा दोनदा. बऱ्याच ठिकाणी खत आणि मलमूत्र, दोन्हींचा वाटा निघतो.

तोवर घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या पाण्यात दूध पावडर कालवू नका. नायट्रेटनं रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळू तर मुळीच नका. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. तुरटी किंवा कँडलचा फिल्टरही कामाचा नाही. आरओ चालतो.

आता खत बंद करण्याबद्दल. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. तुम्हाला तेवढं लांब जायला नको. ऊस भरपूर नत्र उचलणारं पीक आहे, एका हंगामात शेणखतावर आणलं तर टनेज बसेल आणि पुढच्या वर्षी घरचेच चौदा पोती टाकतील.

मी पहिल्या वर्षी चूक केली ती सांगतो. पोती अकरावरून सातवर आणली, पाणी मात्र तसंच ठेवलं. ऊस पिवळा पडला, भावकीत हसं झालं. गळती चालूच होती, मी फक्त भरणं कमी केलं होतं. दुसऱ्या वर्षी ठिबक केलं, नत्र १०, ४०, १०, ४० टक्के असं लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत (उसाला मातीची भर देईपर्यंत) चार हप्त्यांत विभागलं. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, पहारीनं बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोकं पाडून खत आत दिलं आणि वर माती ढकलली. मजूर कुरकुरतात, मजुरीही जास्त लागते. पण सकाळचा तो वास गेला.

युरियाचं पोतं २६६.५० रुपयांना मिळतं तोवर कुणी मोजून टाकणार नाही, हेही खरं. २०१० साली स्फुरद-पालाशचं अनुदान अन्नद्रव्यांवर नेलं, युरिया त्यातून बाहेरच राहिला. म्हणून हात त्याच्याकडंच जातो.

एक गल्लत मात्र टाळा. क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेल्या रानाचा दोष लोक सरसकट खताला देतात. मिरज-शिरोळकडची रानं मुख्यतः अतिपाण्यानं आणि निचरा नसल्यानं क्षारपड झाली. तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला की रान सुधारतं, पण तेच पाणी क्षार आणि नायट्रेट घेऊन खाली नदीत जातं.

माती परीक्षण केलं असेल तर सेंद्रिय कर्ब आणि सामू (पीएच) कळवा. आणि उकिरडा विहिरीपासून किती फुटांवर आहे, ते अंदाजानं नको, मोजून लिहा.