गणवेशाचा उद्योग आणि मजुरीचा शनिवार

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली कन्या बँकेच्या परीक्षांची तयारी सोडून, विडी वळणाऱ्या महिलांना सोबत घेऊन शाळेचे गणवेश शिवण्याचा उद्योग काढू म्हणते, आणि ‘हा धंदा की समाजसेवा?’ असे आपण विचारले आहे. स्वतः यंत्रमाग चालवून तो विकावा लागलेल्या वडिलांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे.

माझ्या मते तो धंदाच आहे, आणि तिने तो धंदा म्हणूनच करावा. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या महिला लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांनी दयेची मागणी केली नाही, हे मला त्यात विशेष वाटते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचेही तसेच आहे. १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालेली ही संस्था पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत उपचार करते. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे परवडेनात, तेव्हा १९९२ पासून तिने ती स्वतःच्या कारखान्यात बनवायला घेतली. म्हणजे खर्च कुठे कमी होतो, हे शोधण्यात त्यांनी बुद्धी लावली.

माझाही एक अनुभव सांगतो, फारसा अभिमानाचा नाही. तरुणपणी आम्ही काही मित्रांनी महिलांकडून कापडी पिशव्या शिवून घेण्याचे काम काढले होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल चार महिने अडकवले, आमच्याकडे खेळते भांडवल नव्हते, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांचीच मजुरी थकली. दोन महिन्यांत बहुतेक जणी पुन्हा विडीकडे वळल्या. त्यांचे काय चुकले? विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने, कमी का होईना, हातात पडते.

गणवेशाची मागणी जूनच्या आधी एकवटते, कापड मात्र कितीतरी आधी रोखीने घ्यावे लागते. मधले महिने मजुरी कशातून द्यायची, याचे उत्तर तिने आधी तयार ठेवावे. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी आणि प्रत्येक मागणी लेखी घ्यावी, कारण २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. अर्थात सोलापुरात उधारीच्या वहीपुढे कायदा कितपत चालतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

पदवी तिने पूर्ण करावीच. त्यानंतर एखाद्या गणवेशाच्या कारखान्यात निदान सहा महिने पगारावर काम करून कटिंगपासून वसुलीपर्यंत सर्व पाहावे. भेटीला येताना दहा महिलांची दर शनिवारची मजुरी, गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही न येता, किती आठवडे देता येईल, एवढा हिशेब तिने स्वतः मांडून आणावा. आपण सोबत असलात तर अधिक बरे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, सोलापूर