सकाळी पोटभर नाश्ता करूनही अकरा वाजता मरगळ का येते?

सकाळी सात वाजता पोहे आणि चहा घेऊन आपण ठाण्याहून ऐरोलीला कामावर जाता, तरी अकराच्या सुमारास डोळे मिटू लागतात, तेव्हा नाश्ता बंदच करावा का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु हाच प्रवास आणि हीच मरगळ काही वर्षे सोसली असल्यामुळे अनुभव सांगतो.

पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळच. त्यातील पिष्ट लवकर पचून रक्तातील साखर वाढते, ती खाली आणण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि काही जणांची साखर दोन-तीन तासांनी मूळ पातळीच्याही किंचित खाली जाते. वरून दोन चमचे साखरेचा चहा असला की भरच पडते. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके, पण प्रथिने जेमतेम ७ ग्रॅम असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत ती २५ ग्रॅमच्या आसपास भरतात. एकदा मी माझ्या बशीतले शेंगदाणे मोजले, तेव्हा ते अकरा निघाले.

त्यानंतर मी जांभया कधी येतात हे कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने टिपू लागलो. पहिला आठवडा नेहमीच्या पोह्यांचा होता आणि अकराची खूण जवळजवळ रोज पडली. दुसऱ्या आठवड्यात पोहे निम्मे करून त्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेले मोडाचे मूग घातले, एखाद्या दिवशी सोबत उकडलेले अंडे घेतले आणि चहा बिनसाखरेचा ठेवला. तेव्हा खुणा विरळ झाल्या. प्रथिने, तंतू आणि थोडी चरबी यांमुळे जठर सावकाश रिकामे होते व साखर बेताने वाढते, हे त्याचे कारण. तिसरा आठवडा उपाशी जाण्याचा होता. तो मला पुरा करता आला नाही, कारण तिसऱ्याच दिवशी साडेनऊला मी कॅन्टीनमध्ये दोन वडापाव घेऊन बसलो होतो. ज्यांना सकाळी भूकच लागत नाही त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याला ती लागते, असे प्रश्नावरून दिसते, म्हणून नाश्ता सोडू नये. (मिसळीतल्या मटकीचा दाखला देऊन रोज मिसळ खाणारे मित्र मला आहेत, पण तर्री आणि दोन-तीन पाव पोटात गेल्यावर मटकीचा गुण फारसा उरत नाही.)

दुपारी दोन-तीनच्या सुस्तीचा दोष मात्र सगळा नाश्त्यावर टाकू नये. शरीराच्या दैनंदिन घड्याळामुळे त्या वेळी जेवण न घेताही काहीशी पेंग येते, आणि रात्री पाच तासच झोप झाली असेल तर ती अधिक जाणवते. संध्याकाळी सहाच्या चहातील कॅफिन साधारण पाच तासांनीही निम्मे अंगात असते, हेही झोपेच्या हिशेबात धरावे.

नाश्ता बदलून, झोप पुरेशी घेऊनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी करून घ्यावी.