बार्सिलोनेटा पाहताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या बार्सिलोनेटा या समुद्रकाठच्या जुन्या वस्तीविषयी लिहिले होते. कोळी, खलाशी आणि गोदीकामगार यांची ही त्रिकोणी वस्ती. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला भूमध्य समुद्राची वाळू आणि मधे सरळ, अरुंद गल्ल्या. त्या लेखावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. व्हिसाविषयी विचारणाऱ्यांना एकत्रच सांगतो: अल्पमुदतीचा शेंगेन (स्पेनसह अनेक युरोपीय देशांसाठी एकच असलेला) व्हिसा लागतो, त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून आणि किमान 15 दिवस आधीपर्यंत करता येतो आणि निदान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. किमान मुदतीच्या भरवशावर मात्र कोणीही राहू नये.

आम्ही दोघेही सेवानिवृत्त शिक्षक आहोत. सप्टेंबरच्या अखेरीस सहलीबरोबर युरोपला जात असून बार्सिलोनात एक दिवस मोकळा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. समुद्रात मावळणारा सूर्य पाहत शांतपणे बसता येईल अशी जागा सुचवावी. (एक वाचक, वाई)

जागा आहे, पण सूर्यास्ताचा बेत बदलावा लागेल. गणपतीपुळ्याला किंवा हर्णैला जाऊन जाऊन समुद्र पश्चिमेलाच असतो असे आपण मनाशी धरून बसलेले असतो. बार्सिलोनेटाचा किनारा पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून आहे. तेथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि शहरामागच्या डोंगराआड मावळतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्योदय पावणेआठच्या सुमारास होत असल्याने आपल्याला भल्या पहाटे उठण्याचीही गरज नाही. मेट्रोच्या पिवळ्या, म्हणजे 4 क्रमांकाच्या मार्गावर बार्सिलोनेटा याच नावाचे स्थानक आहे. किनाऱ्यालगतचा फरसबंदी रस्ता सपाट आहे. त्याने उत्तरेकडे सव्वा किलोमीटरभर रमतगमत गेल्यास वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी यांनी 1992 मध्ये उभारलेला सोनेरी झाक असलेला महाकाय मासा दिसतो. कोकणात ओहोटीला पाणी दूर जाते आणि भरतीला वाळू दिसेनाशी होते, तसे येथे होत नाही. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी जेमतेम वीतभर असते, त्यामुळे सकाळी हेरलेली जागा दुपारीही जागेवरच सापडते.

आपण दोघे शिक्षक आहात म्हणून आणखी एक सांगतो. कोळ्यांच्या धक्क्यावर एक घड्याळाचा मनोरा आहे. 1772 च्या सुमारास दीपगृह म्हणून तो बांधला गेला. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर मेशँ यांनी डंकर्क ते बार्सिलोना या रेखावृत्ताची मोजणी करताना ज्या बिंदूंचा आधार घेतला, त्यांपैकी तो एक होता. आणि त्याच मोजणीतून पुढे मीटरची लांबी ठरली. फळ्यावर मीटरपट्टी धरून रेषा आखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी तो दुरून का होईना, पाहावा. सान सेबास्तिया मनोऱ्यावरून मोंजुईक टेकडीकडे जाणारा 1931 चा रज्जुमार्ग (रोपवे) सर्वजण सुचवतील, परंतु त्याच्या डब्यात बहुतेकांना उभेच राहावे लागते. गुडघ्यांचा विचार करता तो टाळलेला बरा.

आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा खाल्ला जात नाही. आजी, दोन मुले धरून आम्ही सातजण मे महिन्यात जाणार आहोत. मासेमारांच्या वस्तीत आमचे कसे होणार? (एक वाचक, सांगली)

स्पष्टच सांगायचे तर हॉटेलांच्या भरवशावर होणार नाही. ‘शाकाहारी’ म्हणून समोर येणाऱ्या पदार्थांतही आपली अडचण दडलेली असते. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढबू मिरची. वास ओळखीचा, अगदी आपल्या भरताचा, पण त्यात कांदा असतो. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्हचे तेल घालतात तो पदार्थ उत्तम, फक्त त्याआधी पावावर लसूण घासू नये असे सांगावे लागते. भाज्यांचा पाएया मागवला तरी भात माशांच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, म्हणून भांडे चुलीवर चढण्याआधीच विचारावे. येथील प्रसिद्ध ‘बोंबा’ हा दिसायला थेट बटाटेवड्यासारखा गोळा आहे आणि मुले त्याकडे धाव घेतील. त्यात बटाटा तर आहेच, पण पोटात मांसही आहे. क्रेमा कातालाना या गोडात अंडे असते.

म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, पण ती बार्सिलोनेटात नव्हे. तेथील घरे सातजणांच्या कुटुंबासाठी फार लहान आहेत आणि पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या घरांवरून तेथे मोठा वाद आहे, त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. एशाम्पला या रुंद रस्त्यांच्या भागात राहावे. तेथील पासेच द ग्रासिया स्थानकावरून त्याच पिवळ्या मार्गाने चौथ्या थांब्याच्या आत बार्सिलोनेटा येते. डाळी, पिठे, मसाले रावाल भागातील भारतीय आणि पाकिस्तानी दुकानांत मिळतात. भाजी आणि फळे बार्सिलोनेटाच्या मंडईत घ्यावीत. आंतोनी रोविरा इ त्रियास यांनी रचलेली ही लोखंडी सांगाड्याची मंडई 1884 ची आहे. मासळीचे गाळे त्याच छपराखाली आहेत, एवढे आजींना आधी सांगून ठेवावे.

मे महिन्यात ऊन भरपूर, पण पाणी थंडच असते. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात खेळू द्यावे आणि आधी झेंडा पाहावा: हिरवा असल्यास पोहता येते, पिवळा असल्यास जपून, लाल असल्यास पाण्यात उतरायचेच नाही. किनाऱ्यावर अनेकजण अगदी कमी कपड्यांत असतात, हे तेथे कोणालाही वावगे वाटत नाही. मुलांचे प्रश्न येतील. त्यांची तयारी ज्याने त्याने करावी.

मी एकटी जाणार आहे. वय 27. घरच्यांना काळजी वाटते. समुद्रात उतरले तर सामान कोणाकडे ठेवावे? (एक वाचक, मिरज)

सामानाचा प्रश्न आपण नेमका विचारलात, कारण तेथील खरा धोका चोरीचाच आहे. मारहाण क्वचित, पण पाकीटमारी सर्रास. आणि चोर फार सफाईदार असतात. कोणी रस्ता विचारतो, कोणी कपड्यांवर काहीतरी सांडल्याचे दाखवतो, आणि लक्ष वळते तेवढ्यात पिशवी नाहीशी होते. वाळूवर पिशवी ठेवून एकटीने पाण्यात जाऊ नये. सान सेबास्तिया किनाऱ्यालगत पोहण्याचे क्लब आहेत. तेथे एका दिवसाचे शुल्क भरून कपाट, स्नानगृह आणि तलाव यांची सोय होते. पैसे खर्च होतात, पण पारपत्र गेल्यावर होणाऱ्या धावपळीपेक्षा ते कमीच. मूळ पारपत्र मुक्कामी कुलपात आणि जवळ फक्त छायाप्रत, हा नियम पाळावा. उपाहारगृहात मोबाइल टेबलावर ठेवू नये. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण विमा कंपनी तीच मागते. आपत्कालीन क्रमांक 112.

वाळूवर फिरून पेये विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये. एकटीने जेवायला बसण्याचा संकोच मात्र बाळगू नका. दुपारच्या जेवणाची वेळ दीड ते साडेतीन असते आणि अनेक ठिकाणी आठवड्याच्या दिवशी ठरावीक दराचे ताट मिळते, त्या वेळी एकट्याने जेवणारी माणसे भरपूर असतात. रात्री नऊच्या आधी स्थानिक माणूस जेवायला बसत नाही. सात वाजता ज्या दारात ‘या, या’ म्हणून बोलावतात, ते दार आपल्यासाठी नाही असे समजावे.

मार्चमध्ये कामासाठी एका परिषदेला जात आहे. एकच दुपार हाती आहे. (एक वाचक, विटा)

मंडई, तिच्यामागच्या चार गल्ल्या, 1755 चे सान मिकेल चर्च आणि मग वाळूवर अर्धा तास. पोहण्याचा विचार सोडा, पाणी गार असते. वेळ उरलाच तर बंदराकाठच्या जुन्या गोदामांत कातालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याच्या, इतिहासाचे संग्रहालय आहे.

मी वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बार्सिलोना म्हटले की सगळे वास्तुरचनाकार गौदी यांच्याच इमारती पाहायला सांगतात. बार्सिलोनेटात शिकण्यासारखे काय आहे? (एक विद्यार्थी, कराड)

गौदी यांच्या इमारती पाहाच, पण बार्सिलोनेटात जे शिकायला मिळेल ते कऱ्हाडच्या मुलाला अधिक जवळचे वाटेल असे माझे मत आहे, कारण ही मुळात पुनर्वसनाची वसाहत आहे. स्पेनच्या वारसायुद्धात 11 सप्टेंबर 1714 रोजी बार्सिलोना पडले. शहरावर वचक ठेवण्यासाठी राजा पाचव्या फिलिपने सिउतादेया हा किल्ला बांधायला घेतला आणि त्यासाठी रिबेरा या नांदत्या भागातील शेकडो घरे पाडण्यात आली. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी बंदराच्या बांधामुळे साचलेल्या वाळूच्या जमिनीवर नवी वस्ती उभारण्याचे काम प्रत्यक्षात 1753 मध्ये सुरू झाले, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी. कोयनेच्या धरणग्रस्तांची ओळख असलेल्या माणसाला या विलंबाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागू नये. (काळाचा अंदाज यावा म्हणून: साताऱ्यात शाहू महाराजांचे निधन 1749 अखेरचे.)

आराखडा लष्करी अभियंता हुआन मार्तिन सेर्मेन्यो यांचा, आणि तो कागदावर पाहण्यापेक्षा पायांनी मोजण्यासारखा आहे. लांबच लांब, अरुंद घरओळी. प्रत्येक ओळीची रुंदी एकाच घराएवढी. घर साधारण 8.4 मीटर लांब आणि तेवढेच रुंद, तळमजला आणि वर एक मजला. ओळीची रुंदी एकाच घराची असल्याने प्रत्येकाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन गल्ल्या मिळत, आणि वारा आरपार वाहत असे. उंची मात्र रहिवाशांच्या सोयीने ठरलेली नव्हती. किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये म्हणून घरे बुटकी ठेवण्यात आली. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी कशाला मोकळीक असे आणि कशाला मनाई, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पुढे गोदी आणि कारखाने वाढले, माणसे वाढली, आणि एकोणिसाव्या शतकात मजल्यांवर मजले चढले. घरे उभी वाढली तशी आडवी वाटलीही गेली: आधी अर्धे घर, मग पाव घर. या पाव घराला तेथील भाषेत ‘क्वार्त द कासा’ म्हणतात, आणि सुमारे 30 चौरस मीटरच्या त्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे राहिली. दोन गल्ल्यांचा वारा ज्या घराला मिळायचा, त्याच्या पाव भागाला एकच गल्ली उरली. आणि गल्ली तीच असताना इमारती मात्र पाच-सहा मजली झाल्याने खालच्या मजल्यांवरचे ऊनही गेले. आराखडा न बदलता घर कसे बदलते, याचा याहून स्वच्छ धडा मी पाहिलेला नाही. आजही उन्हाळ्याच्या संध्याकाळी वृद्ध रहिवासी खुर्च्या काढून दारात बसतात; गल्ली हीच त्यांची ओसरी.

सान कार्लेस रस्त्यावर 1761 चे एक मूळ दुमजली घर राखलेले आहे. तेथून सुरुवात करावी, म्हणजे शेजारच्या उंच इमारतींत ते मूळ माप शोधता येते. मग जुआन द बोर्बो रस्त्यावर जुझेप आंतोनी कोदेर्क यांची 1950 च्या दशकातील ‘कासा द ला मारिना’ ही कोळ्यांसाठीच्या संस्थेने बांधलेली सदनिकांची इमारत पाहावी. तिरक्या भिंती आणि लाकडी झडपा यांच्या बळावर लहान जागेत उजेड आणि आडोसा दोन्ही कसे साधले आहेत, ते वहीत उतरवण्यासारखे आहे. मंडईचे 2007 चे नूतनीकरण जुझेप मियास यांचे. जुना सांगाडा त्यांनी टाकून दिला नाही. शेवटी पंधरा मिनिटे चालत बोर्न येथील जुन्या बाजाराच्या छपराखाली जावे. पाडलेल्या रिबेराची जोती, रस्ते आणि गटारे तेथे उत्खनन करून जपलेली आहेत. किल्ला एकोणिसाव्या शतकात पाडला गेला आणि त्या जागी बाग आली. ज्याच्यासाठी घरे गेली तो राहिला नाही, विस्थापितांची वस्ती राहिली.

किनाऱ्याचे वय वेगळे, हेही लक्षात ठेवा. पर्यटकांना आवडणारी ही स्वच्छ वाळू 1992 च्या ऑलिंपिकच्या तयारीतून घडवलेली आहे. त्याआधी याच पट्ट्यात सोमोरोस्त्रो ही झोपडवस्ती होती, जेथे फ्लामेंको नर्तकी कार्मेन आमाया वाढल्या. ती 1966 मध्ये हटवण्यात आली. जानेवारी 2020 च्या ‘ग्लोरिया’ वादळाने बरीच वाळू ओढून नेली होती.

मी कासच्या रस्त्यावरील गावात राहतो. फुलांच्या दिवसांत आम्हाला आमच्याच घरी पोहोचायला तास लागतो. तुम्ही ज्या वस्तीचे कौतुक केले तेथील लोक पर्यटकांविरुद्ध मोर्चे काढतात, हे खरे आहे का? असेल तर आम्ही जावे का? (एक वाचक, सातारा)

खरे आहे. ऑगस्ट 2014 मध्ये बार्सिलोनेटाचे रहिवासी पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांविरुद्ध रस्त्यावर उतरले. पाव घर भाड्याने देऊन महिन्याचे पैसे आठवड्यात मिळू लागले की घरमालक जुन्या भाडेकरूला कशाला ठेवील? जुलै 2024 मध्ये शहरातील मोर्चात पर्यटकांवर खेळण्यातील पिचकाऱ्यांनी पाणी उडवले गेले. त्याच्याच आधी, जूनमध्ये, महापौर जाउमे कोलबोनी यांनी पर्यटक घरांचे सुमारे 10,000 परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले होते.

जाऊ नये असे मी म्हणणार नाही. तुमची तक्रारही माणसे कासला येतात अशी नसून सगळी एकाच रविवारी, एकाच रस्त्याने येतात अशी असावी. बार्सिलोनेटात जुलै-ऑगस्ट टाळावा, मुक्काम दुसरीकडे करावा, सकाळी जावे, खरेदी मंडईत करावी. तळमजल्याच्या खिडक्या थेट गल्लीवर उघडतात, आत कोणाचे तरी स्वयंपाकघर असते. त्यात कॅमेरा घालू नये. रात्री चाकांची बॅग त्या गल्ल्यांतून खडखडत नेल्यास चार मजल्यांपर्यंत आवाज जातो. पोहण्याच्या कपड्यांत वस्तीत फिरण्यास बंदी असून दंड होतो, आणि 2022 पासून शहराच्या किनाऱ्यांवर धूम्रपानासही मनाई आहे. सज्जांवर निळा-पिवळा झेंडा लावलेला दिसेल. तो फुटबॉल संघाचा नाही, वस्तीचा आहे.