कॅमेरा राहू द्या, आधी लोकांचे रविवार वाचवा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी विट्याजवळच्या एका गावात राहतो, पतसंस्थेत कारकून आहे. आम्ही सात-आठ मित्रांनी मिळून गावकीवर वेब सिरीज सुरू केली. मोबाइलवर, फक्त रविवारी शूट करतो. पाच भाग टाकले. पहिला भाग अकराशे जणांनी बघितला, पाचवा जेमतेम दोनशेंनी. सरपंचाचं काम करणारा मित्र ऊसतोड सुरू झाल्यापासून येत नाही, आणि नायिकेचं काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलंय. माझ्याकडे चाळीस हजार साठले आहेत. त्यात चांगला कॅमेरा घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. घेऊ का? पाचही भागांच्या लिंक सोबत पाठवतोय.
*– एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली*

उत्तर : घेऊ नका, निदान यंदा तरी. सरपंच येत नाही, नायिकेचं लग्न ठरलंय, प्रेक्षक गळतायत. यातली एकही अडचण कॅमेऱ्यानं सुटणारी नाही. तुमच्या मोबाइलचं चित्र ठीक आहे. मी पाचही भाग बघितले. मला त्रास झाला तो आवाजाचा, त्यावर पुढे येतेच.

आधी एक सांगते. मी बरीच वर्षं कोल्हापुरात एडिटिंग करते, त्याआधी हौशी नाटकं केली. छोट्या मालिका पैसे संपले म्हणून बंद पडताना मी क्वचितच पाहिल्या. माणसं यायची थांबली की त्या बंद पडतात. तुमच्याकडे कुणालाच मानधन नाही. म्हणजे मालिका चालली आहे ती लोकांनी दिलेल्या रविवारांवर. ज्याच्या घरी जनावरं आहेत, ज्याचा ऊस तोडीला आलाय, जिला आठवड्यात एकच सुट्टी मिळते, त्यांचा तो दिवस आहे. तो वाया गेला की माणूस भांडत नाही, पुढच्या वेळी फोन उचलत नाही. त्यामुळे चाळीस हजार कुठे घालायचे हा प्रश्न नंतरचा. हातात असलेले रविवार कसे पुरवायचे, ते आधी ठरवा.

पहिली गोष्ट, तालीम. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या कुठल्याही हौशी संस्थेला विचारा. कामावरून आल्यावर रात्री नऊला तालमी लागतात, दोन-दोन महिने चालतात, तेव्हा कुठे एक प्रयोग उभा राहतो. वेब सिरीज करणारी मंडळी मात्र सकाळी कागद हातात देतात आणि दुपारपर्यंत टेकवर टेक घेत बसतात. पाठांतर नसल्यानं सगळा दिवस त्यातच जातो. बुधवार-गुरुवारी रात्री शाळेच्या वर्गात किंवा देवळात तासभर बसा. कुणी बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर वाचन करा. याला रुपया लागत नाही, आणि एका रविवारी दुप्पट काम होतं.

दुसरं, भागाप्रमाणे शूट करू नका, जागेप्रमाणे करा. सहा भाग आधी पूर्ण लिहून काढा, प्रत्येकी आठ-दहा मिनिटांचे. मग मोठ्या कागदावर मांडा : पारावरचे प्रसंग कुठले, चावडीतले कुठले, सरपंचाच्या घरातले कुठले. सहाही भागांतले पाराचे प्रसंग एकाच सकाळी उरकायचे. शर्ट बदलायचा, वेळेचं भान ठेवायचं, प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी टोपी कुठल्या बाजूला होती यावर वाद होत नाही. आणि कलाकारांना सांगून ठेवा, शूट संपेपर्यंत दाढीला आणि केसांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अशा मांडणीत सरपंचाला सहाऐवजी दोनच दिवस यावं लागेल. ते दोन दिवस गळीत हंगामाबाहेर धरा. उसाच्या गावात दिवाळी ते मार्च शेतकऱ्याला शूटला बोलावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

नायिकेचे सगळे प्रसंग लग्नाआधी पुरे करा. तिच्या आणि दोन्ही घरच्या माणसांच्या मनात असेल तर लग्नच कथेत आणा. मांडव, पाहुणे, वाजंत्री, सगळं उभं असतं, एवढा देखावा तुम्हाला एरवी परवडणार नाही. पण आधी विचारून, आणि कुणी एकजण जरी नको म्हणाला तरी विषय तिथेच सोडायचा.

सहाही भाग एडिट होऊन हार्डडिस्कवर येईपर्यंत एकही भाग टाकायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. पाच भागांमधलं तुमचं अंतर मी तारखांवरून पाहिलं : पहिले दोन लागोपाठ, मग महिना, मग आणखी मोठा खंड. प्रेक्षक वाट बघतो, पण कधीपर्यंत बघायची ते त्याला कळायला हवं. सहा भाग तयार असले की दर शुक्रवारी संध्याकाळी ठरल्या वेळी एक टाकता येतो, आणि त्या सहा आठवड्यांत तुम्हाला पुढचं लिहायला उसंत मिळते. साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या मालिका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. त्या वर्षानुवर्षं चालल्या. त्यांची लांबी बघून छाती दडपून घेऊ नका. तुम्ही सहा भागांचं एक पर्व नीट पुरं करा.

आता चाळीस हजार. पहिले दहा-बारा हजार आवाजासाठी बाजूला काढा. दोन बिनतारी कॉलर माइक घ्या, आणि परवडले तर आणखी एक साधा वायरचा, अडीअडचणीला. तुमच्या दुसऱ्या भागात मागे पाण्याची मोटर चालू आहे आणि भाऊ-भाऊ भांडतायत. भांडण उत्तम झालंय आणि मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. वाईट चित्र लोक चालवून घेतात, न कळणारा संवाद ऐकायला कुणी थांबत नाही. शूटच्या आधी पंखा आणि फ्रिज बंद, शेजारच्या मोटरवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवणं, देवळाचा भोंगा कधी लागतो ते माहीत असणं, आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट घेऊन ठेवणं. एडिट करताना हा एक मिनिट किती उपयोगी पडतो ते तुमचं तुम्हाला कळेल.

घरातल्या रात्रीच्या प्रसंगात तुमच्या चित्रावर पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला 30 फ्रेमवर लावलेला असतो, त्यामुळे ट्यूब आणि एलईडीखाली असं होतं. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये किंवा एखाद्या मोफत कॅमेरा ॲपमध्ये 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा, पट्टे जातील. शूटच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर. दोन हार्डडिस्क घ्या, सगळं दोन्हीकडे ठेवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एडिटसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. उरलेले पैसे जेवण, चहा आणि पेट्रोलला. फुकट काम करणाऱ्याला गरम जेवण आणि येण्या-जाण्याचं पेट्रोल मिळालंच पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही.

प्रेक्षक का गळले? यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली लोक कुठपर्यंत थांबले याचा आलेख असतो. पाचही भागांचे आलेख शेजारी ठेवा. माझा अंदाज सांगते : सुरुवातीला तुम्ही गावाचं दृश्य, नावं आणि गाणं असं जवळजवळ मिनिटभर दाखवता, तिथेच बरेच जण निघून गेले असतील. नावं शेवटी घाला, पहिल्या वाक्यापासून गोष्ट सुरू करा.

आणि तिसऱ्या भागातला रेशन दुकानाचा प्रसंग पुन्हा बघा. यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून आजी बोट पदराला पुसत राहते, दुकानदार ‘नंतर या’ म्हणतो, आणि ती तिथेच पायरीवर बसते. तिथे एकही विनोद नाही आणि मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन बघितला. आयुष्यभर भांगलण केलेल्या हाताच्या रेषा झिजतात, हे शहरात बसून लिहिणाऱ्याला सुचलं नसतं. बाकीच्या चार भागांतले सरपंच आणि त्याचा खुळा चेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलेत. ही आजी मी कुठेच पाहिलेली नाही. पुढचे सहा भाग त्या दुकानाच्या पायरीभोवती लिहून बघा. जागा एक, माणसं मोजकी, शूट दुकान बंद असताना, आणि बाहेर काढण्यासारखं तुमच्याकडे खूप आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण एका फ्लॅटमध्ये घडणारी मालिका करतो. आमचे आठशे सबस्क्रायबर झालेत. पैसे कधी सुरू होतात? एका साडीच्या दुकानदारांनी जाहिरात देऊ केली आहे, घ्यावी का? आणि एका भागात जुना अभंग वापरायचा आहे, तो तर सगळ्यांचाच असतो ना?
*– एक वाचक, पुणे*

उत्तर : यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत 4000 तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. त्याआधीचा एक टप्पा आहे : 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि बारा महिन्यांत 3000 तास. त्यात जाहिरातीचे पैसे नाहीत, पण प्रेक्षक सभासद होऊन तुम्हाला पैसे देऊ शकतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा तुमचा, आणि खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही. छोट्या मराठी चॅनेलला ते जमायला वेळ लागतो, म्हणून या पैशांवर पुढच्या भागाचं नियोजन करू नका. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला की मध्ये जाहिरात लावता येते, तेवढ्यासाठी सहा मिनिटांची गोष्ट ताणूही नका.

प्रेक्षक पैसे देतात, पण काही बघितल्यावर. फेलिशिया डे या अमेरिकन अभिनेत्रीनं 2007 मध्ये ‘द गिल्ड’ ही वेब सिरीज सुरू केली, पहिल्या काही भागांत पैसे संपले, तेव्हा तिनं ऑनलाइन देणगीची सोय ठेवली आणि पहिल्या पर्वाचे उरलेले भाग लोकांच्या पैशांतून झाले. इसा रे या दुसऱ्या अमेरिकन अभिनेत्रीनं 2011 मध्ये तिची वेब मालिका अर्ध्यावर आल्यावर लोकांकडे तीस हजार डॉलर मागितले, छप्पन हजारांहून जास्त जमले. दोघींनीही आधी भाग दाखवले, मग मागितलं. तुमच्याकडे यूपीआय आहे. भागाच्या शेवटी क्यूआर कोड ठेवा, पुढचा भाग कशासाठी अडलाय ते एका वाक्यात सांगा आणि जमा-खर्च सगळ्यांना दिसेल असा मांडा.

साडीवाल्यांना हो म्हणा. रोख किती मागायचे हे कळत नसेल तर वस्तू मागा : पूर्ण पर्वाच्या साड्या, आणि शूटच्या दिवसांच्या जेवणाचा खर्च. साड्या परत द्यायच्या का, डाग पडला तर काय, दुकानाचं नाव कुठे आणि किती वेळ येणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. व्हिडिओ टाकताना ‘पेड प्रमोशन’ची खूण करायला विसरू नका, वस्तू घेतल्या तरी ती लागते.

अभंगाचे शब्द तुकोबांचे असतील तर ते सगळ्यांचे. पण तुम्ही ज्या चालीत तो ऐकत आलात ती बहुधा एखाद्या संगीतकाराची आहे, आणि चालीवर संगीतकाराच्या निधनानंतरही साठ वर्षं हक्क राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तोही प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचा. ते थेट वापरलंत तर यूट्यूबची यंत्रणा ओळखेल आणि त्या भागाचं उत्पन्न हक्कदाराकडे जाऊ शकेल. तुमच्या परिसरात भजनी मंडळ असेलच. त्यांना पारंपरिक चालीत म्हणायला सांगा, टाळ-मृदंगासह स्वतः ध्वनिमुद्रित करा, त्यांचं नाव ठळक द्या, मानधन द्या आणि वापरायची लेखी परवानगी घ्या. मला विचाराल तर स्टुडिओतल्या आवाजापेक्षा ते तुमच्या प्रसंगाला जास्त शोभेल.

प्रश्न : मी चिपळूण तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेतल्या मुलांना घेऊन छोटी मालिका करायची आहे. पालक तयार आहेत. तेवढं पुरेल का?
*– एक वाचक*

उत्तर : पुरणार नाही. 14 वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच तासांपेक्षा जास्त काम एका दिवसात नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. मालिका फक्त शाळेच्या उपक्रमापुरती असेल, पैशाचा संबंध नसेल, तरी काय लागेल हे शाळेच्या लेटरहेडवर जिल्हाधिकारी कार्यालयाला आधीच विचारा आणि उत्तर फाइलला लावा. पालकांची संमती लेखी घ्या, तिच्यात व्हिडिओ कुठे दिसणार हेही लिहा. मुलांची पूर्ण नावं, गाव आणि शाळेचा फलक पडद्यावर येऊ देऊ नका. आणि एखादं पोर मध्येच ‘मला नाही करायचं’ म्हणालं, तर तेव्हा काय करायचं ते पटकथेतच आधी ठरवून ठेवा : त्याच्या वाटचा भाग दुसऱ्याला देता येईल असाच लिहा.