साताऱ्याला उतरा, मिरजेला गाडीत बसा: जानेवारीतले सात दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्याहून तुम्ही नवरा-बायको आणि आई-बाबा निघणार. दोघंही साठीच्या पुढचे, बाबांचा गुडघा कुरकुरतो. हाताशी जानेवारीतले सात दिवस आहेत. हलके डोंगर हवेत, समोर बसून ऐकायला गाणं हवं आणि समुद्र हवा. तर महाराष्ट्र एक्सप्रेसने साताऱ्याला उतरावं की सांगलीला?

मी सांगलीचा, त्यामुळे खरं तर सांगलीलाच या म्हणायला हवं. पण तुम्ही साताऱ्याला उतरा. कुंभार्ली घाटाने कोकणात जा, आंबा घाटाने वर या आणि परतीची गाडी मिरजेला पकडा. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही आणि शेवटचा दिवस आमच्याकडे निवांत मिळतो.

आखणीला मात्र गाण्यापासून सुरुवात करा. डोंगर आणि समुद्र कधीही गेलात तरी जागेवर असतात, मैफलीला तारीख असते. बहुतेक लोक आधी खोल्या बुक करतात आणि मग 'तिथे काही कार्यक्रम आहे का हो?' असं विचारत बसतात. मग वाट्याला येतो तो हॉटेलच्या हिरवळीवर कराओके गाणारा कुणीतरी.

जानेवारीत किनाऱ्यावर गाणं ऐकायचं तर माझी पहिली पसंती रत्नागिरी. तिथलं आर्ट सर्कल थिबा राजवाड्याच्या आवारात कला संगीत महोत्सव भरवतं. शास्त्रीय गायन-वादन, तेही उघड्यावर, मागे राजवाड्याची लाल इमारत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून इकडे आणलं. राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं आणि 1916 च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. म्हणजे आयुष्याची तीस वर्षं रत्नागिरीत, त्यातली जेमतेम सहा या वास्तूत. दिवसा आत संग्रहालय बघून ठेवा आणि संध्याकाळी त्याच आवारात गाण्याला बसा. त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्या की आधी तिकिटं काढा, मग रेल्वेचं आरक्षण, मग खोल्या. तिकीट काढताना खुर्च्या कुठे आणि भारतीय बैठक कुठे हे विचारून घ्या, बाबांच्या गुडघ्याला खाली बसणं झेपणार नाही. आणि कोकणात थंडी कुठली म्हणून शाली घरी ठेवून येऊ नका. रात्री उघड्यावर दव पडतं, दुसऱ्या दिवशी घसा धरतो.

तारखा जुळल्याच नाहीत तर? डिसेंबरात निघू शकत असाल तर पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आहे. तुमची गाडी पुण्यावरूनच येते, दोन संध्याकाळी तिथे काढून पुढे साताऱ्याला या. फेब्रुवारीकडे सरकलात तर सज्जनगडावर माघ वद्य प्रतिपदेपासून नवमीपर्यंत दासनवमीचा उत्सव असतो, कीर्तन आणि भजन-गायन भरपूर. आणि शास्त्रीयच हवं असा हट्ट नसेल तर रत्नागिरीच्या खाली सिंधुदुर्गात उतरा. तिथे हिवाळाभर गावोगावच्या जत्रा चालू असतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार. पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. पेटी, पखवाज, झांज आणि समोर मखमलीचा अंगरखा घातलेला राजा. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. लुगडं नेसलेली राणीही पुरुषच असतो आणि निम्मा वेळ हे तुमच्या लक्षातही येत नाही. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर ही मंडळांची नावं कानावर पडली की खुशाल जा. कुठल्या गावात आज कुणाचा प्रयोग हे खानावळीवाल्याला बरोबर ठाऊक असतं. आई-बाबांना पूर्ण रात्र जमणार नाही. पहिले दोन तास बसा, जत्रेतलं खाजं बांधून घ्या आणि परत या.

आता रस्ता. समजा महोत्सवाच्या तारखा धरूनच येताय.

पहिल्या दिवशी सकाळी सातारा. स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे आहे, तेव्हा ठरवलेली गाडी थेट स्टेशनवरच बोलवा. दिवसभर आराम करा आणि चारनंतर अजिंक्यतारा. गाडी जवळपास दरवाजापर्यंत जाते, पुढे तटावरून हवं तेवढं चाला. अख्खं सातारा शहर पायाशी दिसतं आणि पलीकडे यवतेश्वराचा डोंगर. सज्जनगड सुंदर आहे, पण पायऱ्या आहेत, तो बाबांच्या तब्येतीवर सोडा. कासला जाऊ नका. लोक फोटो बघून जानेवारीत जातात आणि वाळलेल्या गवतात फुलं शोधतात. फुलांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. वासोटा किल्ल्याचं नावही तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याची परवानगी काढायची आणि जंगलातला खडा चढ चढून दिवस मावळायच्या आत परतायचं. तुम्ही दोघंच असता तर पहिलं नाव त्याचंच घेतलं असतं. या खेपेला सोडा.

दुसरा दिवस गाडीतला, गुहागरपर्यंत 200 किलोमीटरच्या आसपास. तो फक्त गाडीत घालवू नका. कराडच्या पुढे पाटण लागतं, तिथून टोळेवाडीकडे वर चढलं की दातेगड, म्हणजेच सुंदरगड. गाडीतून उतरल्यावर चाल थोडकी आहे. दरवाजापाशी कातळात कोरलेला मोठा गणपती आणि मारुती, पण खरी बघायची ती विहीर. गडमाथ्यावरून चालताना अचानक जमिनीला लांबट चीर पडल्यासारखी दिसते. वरून आकार थेट तलवारीचा, एकीकडे मूठ, दुसरीकडे निमुळतं टोक. बांधकाम नाहीच, अखंड कातळ खाली कापत नेलाय. एका अंगाला पायऱ्या उतरतात, त्या संपता संपता महादेवाचं लहानसं देऊळ आणि त्याखाली पाणी. भर दुपारी वर ऊन तापलेलं असताना त्या पायऱ्यांवर बसलं की अंगावर गार हवा येते. बाबा काठावर थांबले तरी त्यांना वरून आकार छान दिसतो, किंबहुना तो वरूनच दिसतो. मग कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि संध्याकाळी गुहागर. घाट अंधार पडायच्या आत उतरा, जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो.

तिसऱ्या दिवशी गुहागरचा किनारा सकाळीच फिरून घ्या. लांबलचक आहे, वाळू घट्ट, आई-बाबांना चालायला याच्याइतकी सोपी जागा नाही. मग वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ सगळेच बघतात, बामणघळ मात्र वेळ साधून बघावी लागते. उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, कोंडतं आणि धाडकन वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि ड्रायव्हर म्हणतो, 'यासाठी आलो होय?' भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतं, पण कॅलेंडर हाती असलं की झालं. कडेला मात्र जाऊ नका, खडक निसरडा असतो आणि लाट सांगून येत नाही.

तिथून तवसाळच्या जेटीवर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, शास्त्री नदीची खाडी ओलांडली की समोर जयगड. बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालता घालता दुपार जाते. जयगडचा किल्ला, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे. पुळ्यात शनिवार-रविवारी मुंग्यांसारखी माणसं असतात, दर्शन घ्या आणि निघा. आरे-वारेच्या वळणावर मात्र थांबा. संध्याकाळच्या आत रत्नागिरी आणि पहिली मैफल.

रत्नागिरीत तीन रात्री राहा. रात्री गाणं असलं की दुसऱ्या दिवशी पहाटेचं काहीही ठेवायचं नाही, हा या सहलीचा एकच कडक नियम. कार्यक्रम संपून, जेवून, झोपायला बारा वाजतात. नाश्ता उशिरा, दुपारी विश्रांती, चालणं चारनंतर. तसंही इथल्या सड्यावर सावली नसते, जानेवारीतही दुपारी ऊन चटके देतं.

सडा म्हणजे किनाऱ्यामागचं सपाट जांभा पठार. तुम्हाला हवा तसा हलका डोंगर हाच. वर गेलं की चढ संपला, मग सपाटीवर चालत राहायचं. या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, जमिनीवरच कोरलेली मोठमोठी चित्रं. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी उक्षीचा हत्ती बघा. पाचव्या दिवशी जेवून दक्षिणेला निघा: पावस, मग मुचकुंदीच्या खाडीवरचा पूर्णगड. हा किल्ला इतका आटोपशीर आहे की बाबाही सहज चढतील आणि तटावर उभं राहिलं की खाडी समुद्राला मिळताना दिसते. पुढे कशेळीला कनकादित्याचं सूर्यमंदिर आणि गावच्या सड्यावर आणखी एक हत्ती, सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या अंगाच्या रेषेच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेत. पहिली पाच मिनिटं काहीच कळत नाही. ऊन कललं की खाचांत सावली भरते आणि मग एकेक आकार सुटा होतो: हा मासा, हा वाघ असावा, हे काय बरं? चपला काढा, रेषांवर पाय देऊ नका. एवढं लांब जाऊन त्याच रात्री मैफल गाठायची म्हणजे धावपळ. तेव्हा महोत्सवाची एक संध्याकाळ सोडावी लागली तर ही सोडा, पहिल्या दोन पुऱ्या ऐका.

सहाव्या दिवशी आंबा घाटाने वर, मलकापूर, कोल्हापूर आणि सांगली, पावणेदोनशे किलोमीटर. महामार्गाचं काम कुठे चालू आहे ते ड्रायव्हरला निघायच्या आधी विचारा. मुक्काम सांगलीत. संध्याकाळी गणपती मंदिर आणि आयर्विन पूल एवढंच पुरे. भडंग स्टेशनवरचं घेऊ नका, गावातलं घ्या.

सातव्या दिवशी सकाळी लवकर उठायला हरकत नाही, आदल्या रात्री गाणं नव्हतं. मिरजेपलीकडे दंडोबाचा डोंगर आहे, चढ सौम्य, वर डोंगर कोरून केलेलं शिवमंदिर. नऊपर्यंत खाली या आणि मिरजेत शिरा.

मिरज तुमच्या सहलीत असायलाच हवी, कारण रत्नागिरीत जे ऐकलं ते इथे घडतं. सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी इथे पिढ्यानपिढ्या आहेत. मूळची ती शिकलगारांची, म्हणजे हत्यारं करणाऱ्यांची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानाच्या आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खाली कुणीतरी दांडी घासत बसलेलं असतं. 'जवारी काढताना बघायचंय' असं सांगा. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचा. सुरुवातीला तार बसकी बोलते. घासता घासता एका क्षणी आवाज उघडतो, त्यात ती गुणगुण येते आणि कारागीर कानस खाली ठेवतो. एक हात जास्त फिरला तर घोडी वाया. तंबोऱ्याच्या तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून तीच गुणगुण नेमकी कशी पकडतात तेही दाखवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. काही विकत घ्यायलाच हवं असं नाही, पण गर्दीच्या वेळी जाऊन त्यांचा खोळंबा करू नका.

जवळच मीरासाहेबांचा दर्गा. आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे, 1937 साली ते गेले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन सवाई गंधर्वांचे. उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथे गायन-वादन होतं, कलाकार हजेरी लावायला येतात. तुमच्या तारखांच्या आसपास उरुस येत असेल तर एक मुक्काम वाढवा.

परतीची महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून दुपारी सुटते, मिरजेला ती थोड्याच वेळात येते. आरक्षण मिरजेहून करा, कोल्हापूरला जायची गरज नाही. गाडीवाल्याशी भाडं ठरवताना साताऱ्याहून घेऊन मिरजेत सोडायचं हे पहिल्याच फोनवर सांगा. रिकाम्या परतीचे पैसे तो लावणारच, ते आणि फेरीबोटीचा खर्च धरून ठोक आकडा ठरवा.